कौत्कुच्य आणि पिठाचे पंजे

प्रतिक्रमण करताना श्रावकाच्या व्रतांच्या अतिचारांची आपण आलोचना करतो. त्यात अनर्थदंडविरमण व्रताचे स्थान आले की कंदर्प आणि कौत्कुच्य हे दोन शब्द लागोपाठ येतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही त्यांचा क्रम हाच आहे. कंदर्प म्हणजे विकाराच्या भरात केलेली असभ्य थट्टा. त्या थट्टेला हातापायांच्या, डोळ्यांच्या, भुवयांच्या वेड्यावाकड्या चेष्टांची जोड मिळाली की ते कौत्कुच्य. थोडक्यात, अंग वाकडेतिकडे करून लोकांना हसविणे. उच्चाराला अवघड असल्यामुळे हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडून घाईघाईने निघून जातो. मी त्याच्यापाशी थांबलो, त्याला निमित्त झाले शंभर वर्षांपूर्वीचे मूक विनोदी लघुचित्रपट. ज्या चित्रपटांत पडणे, धडकणे, घसरणे आणि एकमेकांच्या तोंडाला काहीतरी फासणे यांखेरीज दुसरे काहीच नसते, ते पाहून श्रावकाने हसावे की हसू नये, हा प्रश्न मला पडला आणि तो वाटला तितका सोपा निघाला नाही.

या विनोदाला इंग्रजीत ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात. त्या नावामागची वस्तू मोठी मनोरंजक आहे. इटलीच्या जुन्या लोकनाट्यातील विदूषक दोन पातळ लाकडी पट्ट्या एका मुठीत बसवून केलेली काठी बाळगीत असे. ती कोणाच्या पाठीवर बसली की पट्टीवर पट्टी आपटून मोठा फटकन आवाज निघे. पाठीला मात्र फारसे लागत नसे. आवाज मोठा आणि इजा नाममात्र, हा त्या काठीचा गुण होता. आपल्या झाडीपट्टीला ही कला अपरिचित नाही. धानाची कापणी उरकली की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या गावांत मंडप पडतात. दंडारीत आणि खडी गंमतीत सोंगाड्या धोतरात पाय अडकून पडतो, उठतो, पुन्हा पडतो आणि थंडीत गोधडी पांघरून बसलेले सारे गाव हसते. त्याच्या सोंगांत सावकार असतो, मोठ्या पोटाचा शेठ असतो, वजनात मारणारा दुकानदारही असतो. आपल्या समाजाने हे विसरू नये की त्या हसण्यात आपला वाटा अनेकदा प्रेक्षकाचा नसून सोंगाचा राहिला आहे.

चित्रपट जन्मला आणि त्याच वेळी हा विनोद त्यात शिरला. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला. त्या खेळात एक माळी होता. तो नळीने झाडांना पाणी घालीत आहे. एक पोरगा मागून येऊन नळीवर पाय देतो. पाणी का थांबले म्हणून माळी नळीच्या तोंडात डोकावतो. पोरगा पाय काढतो. पुढे काय होते ते सांगावे लागत नाही. एक मिनिटही न भरणारी ही फीत म्हणजे विनोदी चित्रपटाचा पहिला धडा. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे आली.

आपल्याकडे स्वतःचा चित्रपट उभा राहिला तो धुंडिराज गोविंद फाळके यांच्या हातून. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, हे सर्वांना माहीत असते. त्या वेळच्या कार्यक्रमात सत्यवचनी राजाच्या कथेबरोबर एक नृत्य, एक विनोदी जोडीचे प्रहसन आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचा खेळही होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. दादासाहेबांची व्यापारी दृष्टीही पाहण्यासारखी होती. सुरतेस प्रेक्षक येईनात, कारण तेवढ्याच पैशांत तासन्‌तास चालणारे नाटक मिळत होते. तेव्हा त्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचे, दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात केली, असे सांगतात. मालाचे माप गिऱ्हाइकाला समजेल त्या भाषेत सांगावे, हे आपल्या गादीवर बसणाऱ्याला वेगळे शिकवावे लागणार नाही.

त्यानंतर दादासाहेबांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी त्यात कामे केली आणि भारतीय पडद्यावर स्त्रिया प्रथमच आल्या. १९१४ च्या आरंभी तो कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा त्याच्या जोडीला एक छोटा विनोदी चित्रपट होता. त्याचे नाव ‘पिठाचे पंजे’. तराजूची दांडी सरळ झाल्यावर गिऱ्हाइकाच्या पिशवीत जादा मूठ टाकतात, तशी ती मूठ होती. आज हा चित्रपट उपलब्ध नाही. आपल्या देशात निघालेल्या मूकपटांपैकी फारच थोडे वाचले. बाकीच्यांच्या फिती जळाल्या, कुजल्या किंवा भंगारात गेल्या. ‘पिठाचे पंजे’चे आपल्याजवळ मुख्यतः नावच उरले आहे, पण नावातच सारा खेळ दिसतो. घरात पीठ आहे, पिठात हात पडले आहेत आणि ते हात आता कोठे कोठे उमटणार, हे प्रेक्षक आधीच ओळखतो.

मला या जोडीचे नवल वाटते. मुख्य चित्रपटातील असुराला वर मिळाला आहे की ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म होईल. शेवटी तो हात त्याच्याच डोक्यावर जातो. जोडीच्या चित्रपटातही हातच आहेत, पण पिठाचे. एक हात जाळतो, दुसरा केवळ माखतो. दादासाहेबांनी हे ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही. तरीही हसविणारा हात आणि जाळणारा हात यांतील अंतर कोठे सुरू होते, हाच तर या व्रताचा प्रश्न आहे.

योगायोग असा की त्याच सुमारास, फेब्रुवारी १९१४ मध्ये, अमेरिकेत चार्ली चॅप्लिनचे पहिले दोन लघुचित्रपट झळकले आणि त्यांतील दुसऱ्यात आखूड कोट, ढगळ विजार, वेताची काठी आणि वाटोळी टोपी असा त्याचा वेष लोकांनी प्रथम पाहिला. दोनच वर्षांनी, १९१६ मध्ये, म्युच्युअल कंपनीने त्याला आठवड्याला दहा हजार डॉलरवर नेमले. हसविण्याचा धंदा किती मोठा झाला होता, हे या एका आकड्यावरून समजते.

त्या काळच्या लघुचित्रपटांत दुकाने फार. १९१७ च्या ‘द बुचर बॉय’ मध्ये बस्टर कीटन प्रथमच पडद्यावर आला, तो एका किराणा दुकानात गिऱ्हाईक म्हणून. त्याला बादलीभर काकवी हवी आहे. नाणे त्याने आधीच बादलीत टाकून ठेवले आहे. दुकानदार काकवी भरतो आणि पैसे मागतो; पैसे काकवीच्या तळाशी! ते काढण्यासाठी दुकानदार काकवी गिऱ्हाइकाच्या टोपीत ओततो. पुढे टोपी डोक्याला चिकटते आणि बूट जमिनीला. त्याच दुकानात नंतर पिठाच्या पिशव्यांची फेकाफेक होते. म्हणजे पिठाचे पंजे तेथेही पोहोचले होते. पैसे रोख दिलेले, माल पुरा मोजलेला, कोणाची लबाडी नाही आणि तरीही दोघेही चिकटून बसले आहेत, असे व्यवहार आपल्यापैकी कोणी पाहिले नसतील?

चॅप्लिनच्या १९१६ च्या ‘द पॉनशॉप’ मध्ये मात्र मी हसता हसता थांबलो. चॅप्लिन गहाणवटीच्या दुकानातील नोकर आहे. एक गरजू माणूस गजराचे घड्याळ गहाण ठेवायला आणतो. चॅप्लिन ते डॉक्टरसारखे नळी लावून तपासतो, डबा उघडावा तसे त्याचे झाकण उघडतो, आतले भाग एकेक काढून टेबलावर मांडतो आणि अखेर सारा चुरा त्या माणसाच्या टोपीत भरून मान हलवतो: हे घेता येणार नाही. विनोद अचाट आहे. पण आपण ज्या बाजूच्या गादीवर बसतो ती बाजू लक्षात घेता, त्या गिऱ्हाइकाचा चेहरा विसरता येत नाही. दारी आलेल्याचा माल नाकारताना निदान तो मोडून परत देऊ नये, एवढे तरी त्या पाच-सहा मिनिटांत कोणताही व्यापारी समजून घेतो.

या चित्रपटांविषयी आपल्या दृष्टीने आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप अन्नाचा. लॉरेल आणि हार्डी यांच्या १९२७ च्या एका लघुचित्रपटात मलईने भरलेल्या गोल पक्वान्नांची साऱ्या गल्लीभर फेकाफेक होते. ती संख्या तीन हजारांच्या घरात होती असे सांगतात. ताटात उष्टे टाकू नये, ताट धुऊन प्यावे, अशा संस्कारात वाढलेल्या घरातील वडीलधाऱ्यांना ते पाहवत नाही आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. दुसरा आक्षेप शरीराचा. लाकडी काठी नुसता आवाज करीत होती. कॅमेऱ्यासमोरची माणसे मात्र खरोखर पडत होती. ऑगस्ट १९१९ मध्ये हॅरॉल्ड लॉइड छायाचित्रासाठी हातात बनावट समजून धरलेला बाँब खरा निघाला आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. पुढची सर्व वर्षे तो विशेष हातमोजा घालून पडद्यावर इमारतींना लटकत राहिला आणि लोक हसत राहिले. प्रयोजन नसताना केलेली हिंसा तो अनर्थदंड. केवळ हसण्याकरिता एखाद्याचा हात जात असेल, तर त्या दोषातून पाहणाराही सर्वस्वी सुटत नाही.

एवढे आक्षेप मान्य करूनही मी या चित्रपटांची बाजू घेतो, याचे कारण १९२९ चा ‘बिग बिझनेस’ हा लघुचित्रपट. लॉरेल आणि हार्डी मोटारीतून दारोदार नाताळची झाडे विकत फिरत आहेत. एका घरमालकाला झाड नको आहे. दार लावताना झाडाचा शेंडा दारात अडकतो, ते पुन्हा घंटा वाजवतात, पुन्हा अडकतो. अखेर चिडून तो कात्रीने झाड छाटतो. मग हे त्याच्या दाराची चौकट तासतात. तो यांचे घड्याळ फोडतो. हे त्याचा टेलिफोन तोडतात. तो मोटारीचा दिवा उपटतो. हे खिडक्या फोडतात. शेवटी एकीकडे मोटारीचा चुरा आणि दुसरीकडे घराचा. यात सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही की कोणी कोणाला थांबवीत नाही. एकाचे मोडून होईपर्यंत दुसरा शांतपणे उभा राहून पाहतो आणि मग आपल्या पाळीला पुढे होतो. पोलीस शिपाईही मोटारीत बसून वहीत टिपणे घेत राहतो.

आमच्या घरात हा चित्रपट पाहिला गेला त्यामागे थोडी हकीकत आहे. बाबूजी आणि काकाजी यांची वाटणी होऊन पुष्कळ वर्षे झाली. धान्यबाजारात दोघांची गोदामे एका भिंतीला लागून. एका पावसाळ्यात काकाजींच्या पत्र्याची पन्हाळ आमच्या अंगणात ओतू लागली आणि तांदळाची काही पोती भिजली. त्यावर आमचा ट्रक त्यांच्या शटरसमोर उभा राहू लागला. मग त्यांचा वजनकाटा सामाईक वाटेत आला. मग पालिकेत अर्ज झाला, त्यावर उलट अर्ज झाला. दोन्ही बाजू सभ्य होत्या. कोणी आवाज चढवला नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचे होऊ दिले आणि मग आपले केले. संवत्सरीनंतर क्षमापनेच्या छापील पत्रिका मात्र दरवर्षी नेमाने जात-येत. आमची त्यांच्याकडे मुनीमजी नेत, त्यांची आमच्याकडे त्यांचे मुनीमजी आणत. दोन्हींवर मिच्छामि दुक्कडम् सोनेरी अक्षरांत छापलेले असे. हाताने लिहिलेले त्यांवर काही नसे.

दादीजी आमच्याकडे असत. काकाजी रोज सकाळी त्यांच्या पाया पडायला येत आणि बाबूजींच्या गादीवरून जाताना दोघेही जप चालल्यासारखे खाली पाहत. नव्वदी ओलांडलेल्या दादीजींना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. घरात टीव्ही लागला की त्या माळ घेऊन आतल्या खोलीत जात. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी गच्चीवर पांढरी चादर बांधून छोट्या प्रोजेक्टरवर जुने मूकपट दाखवायला सुरुवात केली. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकल्यावर संध्याकाळ मोठी उरते, तिचा तो उपयोग. तेथे शब्दच नव्हते, त्यामुळे दादीजींना आमच्यापेक्षा कमी असे काही मिळत नव्हते. उलट कोण कोठे घसरणार हे त्यांना आधी कळे आणि त्या सर्वांच्या आधी हसत. घरात मारवाडी, हिंदी, मराठी आणि मुलांची इंग्रजी असा चौरंगी कारभार. त्या चादरीपुढे कोणालाच दुभाषा लागत नव्हता. दादीजी हसतात हे ऐकून काकाजीही एके दिवशी गच्चीवर आले आणि त्यांच्या खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसले. त्या दिवशी मुलांनी ‘बिग बिझनेस’ लावला होता. निवड त्यांची होती. थोरांच्या भांडणाशी त्यांनी तिचा संबंध जोडला नव्हता.

पियानो ओढत अंगणात आला तेव्हा काकाजी मोठ्याने हसले. दादीजींनी तर पदर तोंडाला लावला. चित्र संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग बाबूजी, समोर चादरीकडेच पाहत, म्हणाले, “ह्याची मोटार गेली, त्याचं घर गेलं. झाड मात्र विकलं गेलं नाही.”

काकाजी म्हणाले, “भाऊजी, पोलिसाची वही तेवढी भरली.”

कित्येक वर्षांत दोघांमधले ते पहिले बोलणे असावे. यानंतर सारे सुरळीत झाले असे लिहिणे खरे होणार नाही. जुने हिशेब जुनेच राहिले आणि दोन्ही अर्ज अजून कोठेतरी फाइलीत असतील. पण त्या वर्षी क्षमापनेची पत्रिका काकाजी स्वतः घेऊन आले. बाबूजींनी त्यांना बसायला सांगितले, पाणी मागवले आणि पुढच्या पावसाळ्याआधी पन्हाळीचे तोंड रस्त्याकडे वळवले गेले. खर्च निम्मा निम्मा.

आता पुन्हा त्या कठीण शब्दाकडे. आपल्या कर्मसिद्धांतात हास्य हा नऊ नोकषायांपैकी एक आहे आणि त्याचा उदय आठव्या गुणस्थानापर्यंत सांगितला आहे. म्हणजे घर, दुकान आणि वखार सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला हसू येणारच. केवली हसत नाहीत. आपण हसतो, हे आपल्या पायरीचे लक्षण आहे. ते नाकारून उपयोग नाही आणि त्याचे कौतुक करण्याचेही कारण नाही. प्रश्न उरतो तो प्रयोजनाचा, कारण व्रताच्या नावातच ‘अनर्थ’ आहे. दुसऱ्याचे व्यंग, दुसऱ्याची जात, दुसऱ्याचे गरीब घड्याळ यांवर हसलो, तर त्या हसण्यातून बंधाखेरीज हाती काही येत नाही. माणसे आळीपाळीने एकमेकांचे मोडतात आणि त्याला व्यवहार म्हणतात, हे पाहून हसू आले आणि त्यात आपला चेहरा ओळखू आला, तर ते हसणे सर्वस्वी निरर्थक गेले असे मला म्हणवत नाही. ते निर्दोष आहे, असा मात्र माझा दावा नाही. आलोचनेच्या यादीत तो शब्द आहे तेथेच राहावा. फक्त तो उच्चारताना घाई होऊ नये.

पर्युषण जवळ आले आहे. त्या दिवसांत पडदा, प्रोजेक्टर, सारे बंद ठेवावे, हेच योग्य. पण त्याआधी एखाद्या संध्याकाळी, ज्यांच्याशी आपले बोलणे केवळ छापील पत्रिकेपुरते उरले आहे अशा एखाद्या घराला, लहानथोरांसह, गच्चीवर बोलवावे. चित्रपट वीस मिनिटांचा असतो आणि त्यात बोलावे लागत नाही. त्यानंतर मिच्छामि दुक्कडम् असो वा उत्तम क्षमा, ती पत्रिका मुनीमजींच्या हाती न देता स्वतः घेऊन जाणे थोडे सोपे जाते, एवढा आमच्या घरचा अनुभव आहे.